कातार्‍याचा पोशाख

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा, असे म्हणतात. कोणी बागेत रमतो, कोणी नातवंडांत. मी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार बसवलेला एक जुना लेथ विकत घेतला आणि मागच्या पडवीत लाटणी, भोवरे, पाळण्याचे दांडे कातू लागलो. पहिल्याच पावसाळ्यात एक प्रसंग घडला. अंगात नेहमीचा सैल बाह्यांचा सदरा होता. लाकूड फिरत असताना पलीकडची पटाशी घ्यायला मी हात लांबवला आणि उजवी बाही चकात सापडली. मोटारीचा पट्टा जुना, सैल झालेला; तो घसरला म्हणून लाकूड थांबले. बाही खांद्यापासून फाटून चकाभोवती गुंडाळली गेली होती. हात तेवढा वाचला.

फाटका सदरा पुढ्यात टाकून सौभाग्यवतींनी विचारले, "आता या कामाला वेगळे कपडे घेणार आहात की नाही?" प्रश्न रास्त होता. पण निवृत्तिवेतनात बसेल असा पोशाख कोणता? मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा बाजारात जाण्याआधी मी आपल्या सवयीप्रमाणे मागे वळून पाहिले : माझ्या आधी ज्यांनी लाकूड कातले, त्यांनी अंगावर काय घातले होते?

पहिली आठवण अर्थातच लहानपणीची. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आमच्या कोकणातल्या गावीही एक कातारी होता. तो जमिनीवर बसे. एका हाताने धनुकलीसारखी कमान मागेपुढे ओढी, तिच्या दोरीने लाकूड फिरे. दुसर्‍या हातात हत्यार, आणि ते हलू नये म्हणून पायाच्या अंगठ्याचा आधार. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने लाख वितळून रंग चढे, आणि केवड्याच्या पानाने त्याला चकाकी येई. अंगावर म्हणाल तर कमरेला पंचा, बाकी उघडे. त्याला कधी इजा झाल्याचे मला आठवत नाही.

याचे कारण त्याच्या यंत्रात होते. लेथचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे चित्र इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात आहे. ते इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराचे. त्यात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. पुढे युरोपात शतकानुशतके जो लेथ चालला, त्यात डोक्यावर एक लवचिक काठी, खाली पावटा आणि दोहोंना जोडणारी दोरी लाकडाला वेढा घेऊन गेलेली. पाय दाबला की लाकूड पुढे फिरे, सोडला की काठी ते उलटे फिरवी. हे सारे लेथ माणसाच्या हातापायांवर चालत. कपडा अडकलाच, तर हात थांबे, पाय थांबे आणि लाकूडही थांबे. म्हणून जुन्या कारागिराला कपड्यांची भीती नव्हती. इंग्लंडमधल्या कातार्‍याच्या छातीवर चामड्याचा एप्रन असे, तो ढलप्यांसाठी आणि हत्याराच्या धारेसाठी. जे डोळ्यांना दिसत होते, त्याच्यापासून तो जपत होता.

पाण्याची चक्की, वाफ आणि मग वीज आली, तसे हे नाते पालटले. छतालगत एक लांब दांडा अखंड फिरू लागला आणि त्यावरून उतरलेल्या पट्ट्यांनी खालची यंत्रे चालू लागली. त्या दांड्याला कामगाराच्या हातापायांशी काही कर्तव्य नव्हते. इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत कामगारांचे कपडे अशा दांड्यांत गुंतून भयंकर अपघात होत. १८४४च्या कायद्याने हे फिरते भाग कुंपण घालून बंद करण्याची सक्ती केली. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याचे २२वे कलम वाचताना मी थबकलो. चालू यंत्राची तपासणी करणे, त्याला तेल घालणे अशी कामे खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच करावीत, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे तिथे लिहिले होते. कपडे सैल की घट्ट, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला होता! माझ्या पडवीतल्या कारखान्याचा मालक मीच आणि कामगारही मीच. मालकाने आपले काम केले नव्हते, एवढेच.

इथवरचा इतिहास मला समजला, पटला. पुढचा मात्र चटका लावून गेला.

लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्या आहेत. तिथे बीच नावाच्या झाडांची दाट राने. त्या रानांतच झोपडी घालून कातारी ओल्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय कातत आणि ते हाय विकम गावच्या कारखान्यांत जात. विंडसर खुर्च्यांसाठी हे गाव प्रसिद्धीस आले. विसाव्या शतकात रानातले कातारी संपले. कातण्याचे, कापण्याचे, घासण्याचे काम वेगवान यंत्रांवर, छपराखाली आले. ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या निघतात. कोरडे लाकूड यंत्रावर घासले की उडते ती पिठासारखी पूड.

याच हाय विकममध्ये एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक होत्या. नाकालगतच्या पोकळ्यांत होणारा एका विशिष्ट जातीचा कर्करोग एरवी फार दुर्मिळ; पण त्यांच्याकडे येणार्‍या अशा रोग्यांत फर्निचरच्या कारखान्यांतले लाकूडकामगार पुन्हापुन्हा दिसू लागले. ऑक्सफर्डचे रोनाल्ड मॅकबेथ यांच्याही नजरेस तेच आले. डोनाल्ड अ‍ॅचिसन यांच्यासह त्यांनी कसून शोध घेतला आणि १९६८ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने हा रोग भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांत घातला. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची पूड ही माणसात कर्करोग उत्पन्न करणारी आहे, असा निर्वाळा दिला.

रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हे इटलीतले वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात सांगून ठेवले होते. विकमच्या कामगारांच्या बाबतीत तो प्रश्न विचारला जायला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. पूड नाकात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा चाळीसेक वर्षे जातात. विशीतला पोर यंत्रावर उभा राहिला, तर हिशेब साठीत पुढे येई. एप्रन त्याच्याकडेही असेल. पण तो छातीवर. धोका नाकावाटे आत जात होता, आणि तो दिसत नव्हता.

आता माझी खरेदी सांगतो. पहिली वस्तू फुकट पडली : सैल सदरा, उपरणे, मनगटावरचे घड्याळ आणि बोटातली अंगठी, सारे पडवीतल्या खुंटीवर गेले. हातमोजेही नकोत, फिरते लाकूड मोज्याबरोबर बोटेही ओढून नेते. दुसरी वस्तू शिंप्याकडून शिवून घेतली : गुळगुळीत टेरिकॉटचा अर्ध्या बाह्यांचा अंगरखा, गळ्यापर्यंत बंद, पुढे खिसा नाही. पुढच्या खिशात ढलप्या साठतात, म्हणून खिसा पाठीमागे कमरेखाली लावला. शिंपी हसला, पण विलायती कातार्‍यांच्या अंगरख्यांनाही खिसे मागेच असतात. कापड, शिलाई धरून एका बर्‍यापैकी पटाशीइतका खर्च आला. गोणपाटाचा एप्रन करण्याचा मोह आवरला, कारण त्याचे तंतू आणि नाड्या यंत्राला आयत्याच सापडतात. तिसरी वस्तू, तोंडावरची पारदर्शक ढाल. लाकूड फुटून उडाले तर ती डोळे वाचवते, पूड मात्र तिच्याखालून खुशाल आत शिरते. म्हणून चौथी, एन-९५ची मुखपट्टी. २०२० सालाने ती घरोघर नेली. कपाटात काही नव्या उरल्या होत्या. ती गालाला घट्ट बसावी म्हणून मी दाढी काढली. त्याचे दुःख सौभाग्यवतींना झाले नाही. अंगरखा पडवीतच काढून ठेवतो, पूड घरात नेत नाही. आणि घासकाम वारा असेल तेव्हा अंगणात करतो.

परवा मुखपट्टी बांधताना गावचा तो कातारी डोळ्यांपुढे आला. कामाला बसण्यापूर्वी तो खांद्यावरचे उपरणे काढून खुंटीला लावी आणि पंच्याचा कासोटा आवळून घेई. लहानपणी मला वाटे, ही त्याची बसण्याची रीत आहे. आता त्याच जागी माझा सदरा असतो. लेथ सुरू करण्यापूर्वी मी खुंटीकडे एकदा पाहतो, आणि तो तिथे दिसला तरच बटण दाबतो.