रचलेले छायाचित्र आणि दादासाहेब फाळके

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी एक समजूत समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. चित्रकाराच्या कुंचल्यावर त्याच्या मनाची सत्ता चालते. यंत्राला मन नाही, तेव्हा भिंगासमोर जे असेल तेच काचेवर उमटावयाचे, असा ह्या समजुतीचा आधार आहे. हा आधार सर्वस्वी चुकीचा नव्हे. परंतु भिंगासमोर काय असावे हे ठरविणारा मनुष्यच असतो, एवढी गोष्ट त्यात विसरली जाते. जे सहज आढळले ते टिपणे हा छायाचित्रणाचा एक मार्ग होय; जे टिपावयाचे ते आधी स्वहस्ते रचणे, उभारणे, हा दुसरा. ह्या दुसऱ्या मार्गाविषयी रसिकांच्या मनात नेहमीच थोडा संशय असतो. रचलेले ते बनावट, आणि बनावट ते खोटे, असा हिशेब सहज मांडला जातो. तो हिशेब कितपत खरा आहे, हे एका मराठी कलावंताच्या आयुष्यक्रमावरून पाहण्याजोगे आहे.

हल्लीच्या काळात ह्या मार्गाने जाणाऱ्यांत टोमास डेमांड ह्या जर्मन कलावंताचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचा जन्म १९६४ साली म्युनिक येथे झाला, आणि ड्युसेलडॉर्फच्या कला-अकादमीत त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. वृत्तपत्रात किंवा एखाद्या संग्रहात सापडलेले एखाद्या जागेचे छायाचित्र ते घेतात. त्यावरून ती जागा कागद व पुठ्ठा यांतून मूळ आकाराएवढी उभारतात. तिचे भव्य छायाचित्र काढतात, आणि मग ती कागदी जागा मोडून टाकतात. १९४४ च्या जुलैमध्ये हिटलरवर बाँबहल्ला झाला, त्या उद्ध्वस्त खोलीचे अशा रीतीने केलेले त्यांचे चित्र १९९४ सालचे आहे. प्रथमदर्शनी ते खरेच वाटते. परंतु दृष्टी स्थिरावली म्हणजे कागदाच्या कडा दिसू लागतात, आणि हे सर्व कोणी तरी हातांनी घडविले आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानी येते. ते ध्यानी यावे हाच कलावंताचा हेतू असतो. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलासंग्रहालयाने २००५ साली त्यांच्या कृतींचे प्रदर्शन भरविले, ते ह्याच कामगिरीसाठी.

ही रीत आज नवी म्हणून वाखाणली जात असली, तरी महाराष्ट्रात तिची मुळे पुष्कळ जुनी आहेत. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. पुढे विल्यम जॉन्सन ह्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ ह्या साली प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळशी चित्रे जोडकामाची आहेत. माणसांना एका ठिकाणी उभे करून टिपावयाचे, देखावा दुसऱ्या ठिकाणचा घ्यावयाचा, आणि दोहोंचा सांधा बेमालूम बसवावयाचा, अशी ती युक्ती होती. ही मंडळी जणू त्याच जागी, त्याच वेळी उभी होती असे पाहणाऱ्यास वाटे. आणि परदेशातील वाचक तर ही चित्रे ह्या देशातील लोकजीवनाचा पुरावा म्हणूनच पाहत. येथे रचना होती, परंतु ती झाकलेली होती. ह्याच कलेचा उघड संसार मांडणारा पुरुष त्यानंतर थोड्याच वर्षांनी गोदावरीच्या उगमापाशी जन्मास आला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. चिरंजीवांचा ओढा मात्र हाताच्या कामाकडे होता. १८८५ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे चित्रकलेच्या जोडीला मूर्तिकाम, वास्तुरचना व छायाचित्रण ह्या विद्या त्यांनी आत्मसात केल्या. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले, ते एका आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल. पुढे सबंध आयुष्यभर ज्याने भिंगासमोर नगरे उभारली आणि जाळली, त्याचा पहिला गौरव एका लहानशा प्रतिकृतीसाठी व्हावा, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतरची वीस वर्षे वरवर पाहता भटकंतीची वाटतात. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले, आणि तो संसार व तो धंदा दोन्ही संपले. एका जर्मन जादूगाराच्या सहवासात त्यांनी हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले, व ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नावाने, म्हणजे स्वतःचेच आडनाव उलटे करून, ते खेळ करू लागले. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात त्यांनी नोकरी धरली आणि स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली. नंतर लोणावळ्याच्या परिसरात राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछपाईचे काम केले. तो छापखाना तोवर फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला होता. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके स्वतः जर्मनीस जाऊन आले. पुढे भागीदारांशी मतभेद होऊन तो व्यवसायही सुटला. व्यवहाराच्या दृष्टीने ही अपयशांची मालिका होय. परंतु मूर्तिकाराचा हात, जादूगाराची युक्ती, छायाचित्रकाराची नजर आणि छपाईदाराचा रसायनांचा अभ्यास ह्या चारही गोष्टी एका माणसात एकवटल्या, त्या ह्याच काळात.

१९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला, आणि त्या पडद्यावर आपले राम व कृष्ण केव्हा दिसतील, ह्या विचाराने त्यांना पछाडले. रात्रंदिवस केलेल्या प्रयोगांनी काही काळ दृष्टीही गेली. ती परत येताच विम्याच्या पत्रांवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी कामाची पद्धत पाहिली, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले.

परत आल्यावर भांडवलदाराचे मन वळविण्यासाठी त्यांनी जे पहिले चित्र घेतले, ते फार बोधप्रद आहे. एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, कॅमेरा एका जागी पक्का ठेवून, ते ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. हा क्रम सुमारे महिनाभर चालला. फिल्म पडद्यावर आली तेव्हा बीजास अंकुर फुटला, वेल डोलत वर चढला, आणि हे सर्व घडले सुमारे मिनिटभरात. असे दृश्य कोणाही मनुष्याच्या डोळ्यांनी कधी पाहिलेले नव्हते. त्या अर्थाने ते सर्वस्वी रचलेले होते. परंतु वेल तसाच वाढतो हे सत्य त्या रचनेवाचून दिसलेही नसते. रचलेले ते खोटे, ह्या हिशेबाला एका कुंडीने दिलेले हे उत्तर होय.

‘राजा हरिश्चंद्र’ हा ३,७०० फूट लांबीचा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्यामागची रचना घरातल्या घरात झालेली होती. कोरी फिल्म भोके न पाडलेली येई. पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून ती भोके पाडीत, चित्रणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, आणि सबंध नटसंचाचा स्वयंपाकही करीत. स्त्रिया काम करण्यास धजेनात, म्हणून साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका ह्याच साळुंक्यांनी केल्या.

ह्या किमयेचे तंत्र तसे साधे होते. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावयाची. मध्येच ती थांबवून नटास बाजूला करावयाचे व पुन्हा फिरवावयाची, म्हणजे पडद्यावर तो अंतर्धान पावतो. फिल्म मागे गुंडाळून काळ्या पडद्यापुढे पुन्हा चित्रण केले, म्हणजे एका दृश्यावर दुसरे उमटते. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’ चित्रपटात भयग्रस्त कंसाला आपलेच शिर धडावेगळे झालेले दिसते, ते अशाच युक्तीने. प्रेक्षकांस ही दृश्ये समजावून द्यावी लागली नाहीत. त्र्यंबकेश्वरापासून गोदावरीच्या काठाकाठाने खाली समर्थ रामदासांच्या जन्मगावापर्यंत, म्हणजे जालना जिल्ह्यातील जांबेपर्यंत, कीर्तनकारांनी ह्या कथा घरोघर पोहोचविलेल्या होत्या. श्रोत्यांनी जे मनात रचलेले होते, तेच फाळके यांनी भिंगासमोर रचले.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, ही रचना त्यांनी लपविली नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ ह्या लहानशा चित्रात त्यांनी स्वतःस काम करताना दाखविले आहे. ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून आपल्या धंद्याची हकीकत त्यांनी लोकांस सांगितली. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. त्या चित्रपटाच्या आरंभी प्रेक्षकांस प्रथम दिसते ती एक लहान मुलगी; तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव पडद्यावर येतात, आणि मग ती कृष्ण होते. हा देव आपल्यासारख्याच एका घरातील मुलगी आहे, हे आधी सांगून मग त्याच मुलीला फण्यावर नाचताना दाखवावयाचे, आणि तरीही प्रेक्षकांनी हात जोडावेत, ह्याहून मोठा विश्वास कलावंताने प्रेक्षकांवर कोणता टाकावयाचा? जॉन्सनच्या चित्रांत सांधा झाकलेला होता. फाळके यांनी तो उघडा ठेवला.

१९१८ साली भागीदारांसह निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत त्यांचे पुढील पुष्कळसे काम झाले. मध्यंतरी सर्व सोडून ते काशीस जाऊन राहिले आणि पुन्हा परतले. बोलपटाचे युग आले तेव्हा मात्र काळ त्यांच्या हातून निसटला होता. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो १९६९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

डेमांड आपल्या कागदी खोल्या बुद्धिपुरस्सर मोडतात, कारण चित्र उरणार ह्याची त्यांना खात्री असते. फाळके यांची लंका, त्यांचा कालिया, त्यांचे राजवाडे तर गेलेच. परंतु ज्या फिल्मवर ते उमटले, तीही बहुतेक नाहीशी झाली. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे, आणि जपणूक न झाल्यास काही वर्षांत ती कुजून जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. शंभराच्या आसपास चित्रपटांतून आज हाती आहेत ते तुकडे थोडे. ‘कालियामर्दन’ पुष्कळसा उरला आहे, हे त्यातल्या त्यात भाग्य. ती लहान मुलगी अजूनही प्रथम आपला चेहरा दाखविते, आणि मगच देव होते.