वर्दी उतरल्यावर काय?

जवानाच्या आत्महत्येची बातमी आली की "मनाने कमकुवत होता" म्हणून लोक मोकळे होतात. सैनिकाचे मन कशावर उभे असते, हे आपल्या पूर्वजांनी भोगून पाहिले आहे.

पलटणीत महार शिपायाला पगार होता, शाळा होती, मान होता. १८९०च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे सोंग काढले आणि भरती बंद केली. वर्दी उतरली की गावात पुन्हा जोहार आणि वेठबिगार! महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभारली. १९२१ला मोडून टाकली.

पण हे पेन्शनर एकेकटे झुरत बसले नाहीत. दापोलीत त्यांची वस्तीच होती. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी तिथे राहून भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर आधी दापोलीलाच आले. शेजार होता, संघटना होती, बोलायला माणसे होती.

आज विजयस्तंभाला सलामी देणारे आपण, सुट्टीवर आलेल्या जवानाच्या घरी जातो का? त्याच्या बायकोला विचारतो का? २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तणावग्रस्त मानतो, गुन्हेगार नव्हे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी २०२३च्या डिसेंबरपासून पुण्याच्या सैन्य वैद्यकीय महाविद्यालयात वेगळा कक्षही आहे. विहाराच्या फळ्यावर वर्गणीदारांची नावे असतात. त्यांच्या वर हा क्रमांक लिहायला खडूचा एक तुकडा लागतो.