कुलूप कोणाचे आणि किल्ली कोणाकडे?

मंडळी, आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास जाणत्यांनी सांगावा. आम्ही आज तुमच्या खिशातल्या वस्तूचा सांगणार आहोत.

त्याला निमित्त घडले ते असे. आमच्या युनियनमधले एक जुने सभासद कचेरीत आले. मुलगा शिकायला अमेरिकेला निघालेला. तिथे टेलिफोन कंपन्या भारी मोबाईल अगदी स्वस्तात देतात, पण तो त्याच कंपनीच्या जाळ्यावर चालतो. त्याला कुलूप असते. इथून न्यावा तर पूर्ण किंमत रोख मोजावी लागते, पण फोन मोकळा. "दादा, काय घ्यावे?" त्यांनी विचारले. प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधता शोधता आम्ही शंभर-दोनशे वर्षे मागे गेलो.

ऊसतोडणी कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो. अडलेल्या वेळी हातात पैसा पडतो, हे खरे. पण मग त्या हंगामात दुसरीकडे बरी मजुरी मिळाली तरी त्याला जाता येत नाही. इंग्लंडमध्ये मालक मजुरीऐवजी माल किंवा चिठ्ठ्या देत, आणि त्या चिठ्ठ्या मालकाच्याच दुकानात चालत. १८३१ च्या कायद्याने तिथे ठरवले की, मजुरी चलनी नाण्यांतच द्यावी. मुद्दा रकमेचा नव्हता. नाणे कोणत्याही दुकानात चालते, चिठ्ठी एकाच दुकानात चालते, हा मुद्दा होता. आमच्या मते कुलूपबंद फोन ही त्या चिठ्ठीचीच नात होय.

टेलिफोनचा इतिहास याच वाटेने गेलेला आहे. आपल्याकडे काळा टेलिफोन घरात असे, पण मालकी सरकारी खात्याची. अमेरिकेत बेल कंपनीचे राज्य होते. यंत्र तिचे, तार तिची, ग्राहक फक्त भाडेकरू. बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून टेलिफोनच्या तोंडाला बसवण्याची एक साधी वाटी कुणी काढली, तर तीही लावायची नाही असा कंपनीचा हट्ट! सरकारी आयोगाने कंपनीची बाजू घेतली. १९५६ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढे टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी बिनतारी यंत्र टेलिफोनला जोडण्याचे उपकरण काढले, आणि १९६८ साली त्याच आयोगाने निकाल दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले उपकरण जोडता येईल. यंत्र वेगळे आणि सेवा वेगळी, हे तत्त्व असे मान्य झाले. त्याला बारा वर्षे आणि दोन खटले लागले.

मग मोबाईल आला. १९९१ साली फिनलंडमध्ये जीएसएम पद्धतीची सेवा सुरू झाली. तिच्यात ग्राहकाची ओळख सिम नावाच्या चकतीत ठेवली होती. चकती बदलली की कंपनी बदलली. म्हणजे पद्धत मुळातच मोकळी होती. कुलूप नंतर वरून घातले गेले. प्रत्येक सिमवर देशाचा आणि कंपनीचा आकडा असतो. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५. कुलूपबंद फोन हा आकडा तपासतो आणि परका दिसला की सेवा नाकारतो. यंत्रात बिघाड काही नसतो. नकार तेवढा शिकवलेला असतो.

आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून पहिला मोबाईल फोन केला. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन देण्याची योजना काढली आणि रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या हातात फोन आला. त्यांतल्या सीडीएमए फोनांना सुटे सिमच नव्हते. यंत्र आणि जाळे एकजीव. तरीही ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याला फोन मिळाला, हे आम्ही नाकारणार नाही. २०१७ च्या जिओफोनचेही तसेच: १५०० रुपये परत मिळणारी अनामत, आणि चालणार त्या एकाच जाळ्यावर.

बांधलेल्या फोनांचा अनुभव आम्हीही घेतला आहे. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या युनियनने खातेवार प्रतिनिधींसाठी स्वस्तात डझनभर घेतले. कंपनी कोणती ते सांगण्याचे कारण नाही. करार न वाचण्याची चूक आमची. पुढे काम शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत गेले. तिथे त्या कंपनीचा आवाज पोचेना. फोन दुसरीकडे चालेना, आणि नंबर सोबत नेण्याची सोय तेव्हा नव्हती. ती देशभर २० जानेवारी २०११ ला आली. द्वारसभेचा निरोप शेवटी सायकलवरून गेला!

अमेरिकेत २००७ साली आयफोन निघाला. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि एवढे मोजूनही तो एटी अँड टी या एकाच कंपनीला बांधलेला. दोन महिन्यांत सतरा वर्षांच्या एका मुलाने ते कुलूप उघडले. पुढे जानेवारी २०१३ पासून नव्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीवाचून काढणे तिथे बेकायदेशीर ठरले. तेव्हा लाखावर लोकांनी अर्जावर सह्या केल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी कुलूप काढण्याची मुभा देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकणेच बंद केले. एकट्याने तक्रार केली तर ती कुरकुर ठरते; लाखांनी केली की कायदा होतो. आम्हां संघटनावाल्यांना यात नवल वाटत नाही.

आता त्या सभासदांना काय सांगितले? आधी हिशेब मांडायला लावला. समजा, कुलूपबंद फोन ३००० रुपयांनी स्वस्त पडला, पण त्यासाठी दरमहा १५० रुपये जास्तीची योजना २४ महिने घ्यावी लागली. तर ३६०० गेले. स्वस्त फोन ६०० रुपयांनी महाग पडला. उलट तीच योजना मुलगा एरवीही घेणार असेल, तर ३००० खरेच वाचले. मग तीन प्रश्न विचारायचे: कुलूप केव्हा निघेल, काय फेडल्यावर निघेल, आणि हे लेखी मिळेल काय? कारण कुलूप न काढता मुलगा सुट्टीत घरी आला, तर त्या फोनमध्ये इथले सिम चालणार नाही आणि तो विकूही म्हटले तर किंमत कमी येईल. ज्याला गाव, नोकरी, देश बदलायचा आहे, त्याने ऐपत असल्यास मोकळाच घ्यावा. ज्याची ऐपत नाही, त्याने बांधलेला घ्यावा, त्यात लाज नाही. पण सुटकेची तारीख माहीत करून घ्यावी.

त्यांनी मुलाला मोकळा फोन घेऊन दिला, पण थोडा साधा. आम्हांला तो निर्णय पटला.

मंडळी, कंपनीचे कुलूप आपल्याकडे आता फारसे दिसत नाही. पण हप्त्यावर फोन द्यायचा आणि हप्ता थकला की दुरूनच तो बंद पाडायचा, ही नवी तऱ्हा आली आहे. ज्या दिवशी मजुराचे काम सुटते, त्याच महिन्यात त्याचा हप्ता थकतो. आणि नवे काम मिळण्याचा निरोप त्याच फोनवर यायचा असतो. तेव्हा फोन घेताना किंमत जरूर विचारा, पण त्याआधी किल्ली कोणाकडे राहणार, ते विचारा.