ज्यू लोकांचा छळ आणि आपला गोमंतक

ज्यू लोकांच्या छळाचे नाव काढले की आपल्याला जर्मनी आणि हिटलर एवढेच आठवतात. ते साहजिकच आहे. पण राजाच्या हुकुमाने ज्यूंचा छळ आपल्या शेजारच्या गोव्यातही झाला, हे आपल्यांपैकी फार थोड्या जणींस ठाऊक असेल. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. विद्वानांच्या वादात मला पडावयाचे नाही. परंतु ह्या छळाचा संबंध थेट बायकांच्या चुलीशी होता, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करते.

ह्याची सुरुवात स्पेन देशात. १४९२ साली तेथील राजाराणीने हुकूम काढला की, जे ज्यू ख्रिस्ती होणार नाहीत त्यांनी चार महिन्यांत देश सोडावा. पुष्कळ कुटुंबे शेजारच्या पोर्तुगालात गेली. पण १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने त्यांना नीट जाऊही दिले नाही. आधी लहान मुले आईबापांच्या हातून हिसकावून नेऊन त्यांचा बाप्तिस्मा केला, मग मोठ्यांचा. त्या आयांचे काय झाले असेल, ते लिहिण्याची गरज नाही. ह्या लोकांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणू लागले. नाव बदलले, संशय मात्र गेला नाही. १५३६ साली पोर्तुगालात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले. बाटवलेले लोक घरात चोरून जुना धर्म पाळतात की काय, हे हुडकून काढणे हे त्याचे काम.

आता घरातले हुडकावयाचे कसे? तर जाहीरनाम्यात खुणा वाचून दाखवीत. अमकी बाई शुक्रवारी घर झाडून संध्याकाळी दिवे लावते. शनिवारी धुतलेले कपडे नेसते. शनिवारचे अन्न शुक्रवारीच रांधून ठेवते. डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरते. झाले, एवढा पुरावा पुरे! साक्ष कोणाची, तर मोलकरणीची, शेजारणीची. साक्ष देणारीचे नाव आरोपीस कळू देत नसत. दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई, म्हणजे धर्माच्या नावाखाली तिजोरीही भरे. आमच्या गल्लीत कोणाकडे कोणत्या वारी काय शिजते, कोणाचा उपास कधी सुटतो, हे कोणाला ठाऊक नाही? तेवढ्यावरून पकडून नेऊ लागले तर यावलात किती घरे उरतील?

गार्सिया द ओर्ता हा अशाच एका नव्या ख्रिस्ती घरातला वैद्य. त्याचे आईवडील स्पेनमधून निघालेले. तो १५३४ साली गोव्यास आला. मोठा नामांकित वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही त्याने औषधोपचार केले. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. मागाहून आई व बहिणीही गोव्यास येऊन राहिल्या. १५६३ साली त्याने येथील औषधी वनस्पतींवरील ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात आंबा, सुपारी, आले, हिंग यांची माहिती आहे, आणि केळीचीही आहे. आपण केळीच्या मुलखातल्या, म्हणून हे मुद्दाम सांगते.

इतका मान असूनही ह्या माणसाने जन्मभर जीव मुठीत धरला असला पाहिजे. १५४३ सालीच गोव्यात जेरोनिमो दियश नावाच्या एका नव्या ख्रिस्ती वैद्यास ज्यू धर्म पाळल्याबद्दल मारून जाळले होते. १५६० साली तर खुद्द गोव्यातच धर्मन्यायालय आले. १५६८ साली ओर्ता वारला. त्याची बहीण कातारिना हिला धरले आणि १५६९ च्या ऑक्टोबरात गोव्यात जाळले. एवढ्यानेही भागले नाही. १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्या माणसावर खटला चालविणारे हे कसले न्यायालय म्हणावे!

ह्या न्यायालयाच्या वाड्याला गोव्यातील लोक ‘व्हडलें घर’ म्हणत. पुढे बाटविलेल्या हिंदूंवर ते अधिक फिरले. १७३६ च्या जाहीरनाम्यात अंगणातली तुळस आणि मीठ न घालता शिजविलेला भात हेसुद्धा गुन्ह्यांत आले. १८१२ साली ते कायमचे बंद झाले.

त्याच काळी उत्तरेकडे अलिबाग, पेण ह्या बाजूला बेने इस्राएल ज्यू राहत होते. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गुन्हा म्हणून नव्हे, नुसती ओळख म्हणून. गोव्यात ज्यावरून जीव गेला असता, त्यावरून येथे आडनावासारखे नाव पडले. दिवेकर, पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे आपल्यासारखीच. समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलेल्या प्रार्थनामंदिरावरूनच मशीद स्टेशनाला नाव मिळाले.

हिटलरने चुलीत डोकावण्याचीही तसदी घेतली नाही. त्याच्या १९३५ च्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, आणि कोण ज्यू हे आजी-आजोबांवरून ठरवले. चारांपैकी तीन ज्यू असले की नातू ज्यू, मग तो कोणताही धर्म पाळो. पुढच्या दहा वर्षांत सुमारे साठ लाख माणसे मारली गेली. त्या वणव्यातून जे वेळीच निसटले त्यांतले काही मुंबईत आले. १९३४ साली आलेले वॉल्टर काउफमान हे संगीतकार त्यांपैकीच. पुढे ते मुंबई नभोवाणीवर नोकरीस होते. सकाळी चहाचे आधण ठेवताना वर्षानुवर्षे आपल्या घराघरांत वाजत आलेली आकाशवाणीची ती सुरुवातीची धून त्यांचीच म्हणून ओळखली जाते.