शस्त्रक्रियेआधी मुलाला काय सांगावे?

बारामती-इंदापूर भागातल्या शाळांत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा एखाद्या मुलाला जन्मजात हृदयदोष किंवा मोतीबिंदू असल्याचे कळते. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची शस्त्रक्रिया मोफत होते. घरचे मात्र त्याला सांगतात, ‘मामाकडे जायचंय.’

मुलाच्या मनाचे काय होते, हे डॉक्टरांनीही उशिराच पाहिले. जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या लघुपटात लंडनच्या रुग्णालयातली जेमतेम अडीच वर्षांची लॉरा आहे. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस मुक्काम, आई फक्त भेटीपुरती. लॉरा फारशी रडत नाही. अशी मुले ‘रुळली’ असे तेव्हा मानत. कॅमेऱ्याने दाखवले ते गिळलेले रडू. १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलापाशी येऊ द्यावे, मुलाची आधी तयारी करावी, असे सुचवले.

ही तयारी शिक्षकही करू शकतात, असे आम्हाला वाटते. दुखणारच नाही, असे मात्र सांगू नये. औषधाने गाढ झोप लागेल, कापताना कळणार नाही, जाग आल्यावर थोडे दुखेल, एवढे पुरे. उपाशी का ठेवतात, तेही सांगावे: भुलीत गिळण्या-खोकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. मग आजीने पदराआडून दिलेला लाडू मूलच परत करील.