भवानीचा रोडगा आणि कुकरातला केक

आमच्या तुळजापुरात पहाट कशी होते हे इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही. मंदिरातला चौघडा, एसटी स्टँडकडून चालत येणाऱ्या भाविकांचा 'उदो उदो', कुठेतरी गोंधळ्याचा संबळ... पन्नास वर्षे मी या आवाजांनी उठत आले. मार्च २०२० मध्ये मंदिर भाविकांसाठी बंद झाले. देवीची नित्यपूजा आत चालू होती, पण गाव मात्र एकदम गप्प झाले. कुंकवाची, परड्यांची, कवड्यांच्या माळांची दुकाने बंद. रस्त्यावर कुत्रीसुद्धा गोंधळल्यासारखी बसलेली.

त्याच्या आदल्या वर्षी आमचे 'हे' गेले होते. मुलगा पुण्यात अडकलेला. घर खायला उठते असे आपण म्हणतो ना, ते मला त्या एप्रिलमध्ये कळले. एका माणसासाठी पोळपाट काय मांडायचा, म्हणून सकाळचा चहा आणि दुपारी दूध-भात यावर दिवस जाऊ लागले. डॉक्टर याला काहीतरी मोठे नाव देतील. आमच्या आईच्या पिढीत एवढेच म्हणत, 'तिचं मन लागत नाही.' मला हा शब्दप्रयोग फार नेमका वाटतो. मन दुखते असे नाही, रडू येते असेही नाही. ते कशाला चिकटतच नाही.

अशात मे महिन्यात शेजारची सून दाराशी येऊन लांबूनच म्हणाली, "बाई, पोरीचा वाढदिवस हाय उद्या. केक मिळंना कुठंच. तुम्हाला येतो म्हणं कुकरातला?"

येत होता. निदान तीस वर्षांपूर्वी येत होता. त्या केकबद्दल पुढे सांगतेच, पण आधी थोडा इतिहास. जन्मभर तोच विषय शिकवला, तेव्हा सवय जाणार नाही!

बेकिंग म्हणजे काहीतरी साहेबी प्रकार अशी आपली समजूत असते. मैदा, ओव्हन आणि यीस्ट यांच्यापुरते ते खरेही आहे. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि गोव्याच्या पोदेराने तो घराघरांत नेला. पण बंद उष्णतेत, वरून आणि खालून शेकून पदार्थ भाजणे आपल्याला नवे नव्हते. कोकणात काकडीचे धोंडस करतात, ते झाकणावर निखारे ठेवून. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले तसेच. आणि आमच्या मराठवाड्यात, विदर्भात रोडगा. गव्हाचे जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचे मोहन. घट्ट मळून त्याचे गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर झाला की त्या आरात, राखेत ते पुरून ठेवायचे. बाहेर काढून फडक्याने राख झटकायची, फोडायचे आणि वर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, तो बहुधा बाजरीचा. आमच्याच तालुक्यात खंडोबा काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला राहतो, त्यामुळे या नैवेद्याचे इकडे कोणाला नवल नाही.

या रोडग्याला मराठी साहित्यात मानाचे पान मिळाले ते पैठणच्या एकनाथ महाराजांमुळे. सोळाव्या शतकातले त्यांचे ते भारूड सर्वांना ठाऊक आहे. सासरी गांजलेली एक सून भवानीला साकडे घालते. सासू, सासरा, जाऊ, नणंद, एकेकाची वासलात लाव म्हणते, शेवटी नवऱ्याचीही. आणि हे सगळे केलेस तर तुला रोडगा वाहीन, असा नवस बोलते. वर्गात हे शिकवताना पोरे पोट धरून हसायची. मग मी गंभीर चेहऱ्याने रूपक उलगडायची : ही सून म्हणजे जीव, सासरची माणसे म्हणजे त्याला गुंतवणारे विकार-विकल्प, सगळ्यांतून मोकळे होऊन त्याला एकट्याने देवीपाशी राहायचे आहे. रूपक बरोबरच आहे. परीक्षेत गुणही मिळत.

पण २०२० च्या त्या एप्रिलमध्ये मला ही बाई निराळी दिसू लागली. तिने मागितलेले सगळे मला न मागता मिळाले होते! घरात मी एकटी, बाहेर शुकशुकाट आणि हाकेच्या अंतरावर भवानी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की नाथांनी तिच्या तोंडी पुरणपोळी घातलेली नाही, रोडगा घातला आहे. पुरणपोळीला चूल, परात, पाटा, सगळा स्वयंपाकघराचा संसार लागतो आणि तिथे सासू बसलेली. रोडग्याला पसाभर पीठ आणि अंगणातला, नाहीतर शेताच्या बांधावरचा आर पुरतो. सासूची परवानगी न घेता तिला एकटीला जमण्यासारखा तो नैवेद्य आहे. हा माझा अर्थ, नाथांच्या माथी मारत नाही. पण चाळीस वर्षे शिकवूनही तो मला सुचला नव्हता.

मन खचणे आणि भाजणे यांची सांगड घालणारी याहून जुनी गोष्ट ज्ञानदेवांच्या आख्यायिकेत आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई कुंभाराकडे खापर आणायला गेली, विसोबा चाटीने ते तिला मिळू दिले नाही आणि ती रडत घरी आली. तिची समजूत कशी घालावी? ज्ञानदेवांनी उपदेश केला नाही. योगाग्नीने स्वतःची पाठ तापवली आणि म्हणाले, भाज यावर. चमत्कार बाजूला ठेवा. रडणाऱ्या बहिणीला भावाने काम परत दिले, एवढे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

मग बिस्किट-केक आपल्या स्वयंपाकघरात यायला इतका उशीर का लागला? धर्म आडवा आला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी (आनंदीबाईंचे यजमान) यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावे लागले. एका कप चहापायी! आमच्या बाजूला निजामाचे राज्य, तेव्हा भट्टीची चव हैदराबादकडून आली. तिथल्या उस्मानिया बिस्किटाला शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे नाव मिळाले असे सांगतात. आमच्या जिल्ह्यालाही त्यांचेच नाव होते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे धाराशिव झाले, बिस्किट अजून उस्मानियाच आहे.

माझी स्वतःची ओळख सोलापूरच्या भट्टीशी, मामाच्या गावी, साठच्या दशकातली. मे महिन्यात गल्लीतल्या बायका मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यांत भरून बेकरीत जात. पहाटे पाव निघून गेलेला असे आणि भट्टी उतरणीला लागलेली असे. पावाला लागते तेवढी धग बिस्किटाला सोसत नाही, म्हणून ही उरलेली ऊब आमच्या वाट्याला. तिथल्याच लाकडी फळीवर तूप-साखर तळहाताने फेसायची, मैदा मिसळायचा, नानकटाया वळून पत्र्याच्या ट्रेवर मांडायच्या. मग लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीवाले चाचा ट्रे आत सरकवत. किलोमागे भाजणावळ ठरलेली.

त्या उन्हाळ्यात माझ्या मामीचे तान्हे मूल गेले होते. ती कोणाशी बोलत नसे, खांबाला टेकून बसलेली असे. शेजारणी येऊन समजुती घालत, कीर्तनाला चल म्हणत. आजी काही बोलली नाही. एके दुपारी तिने मामीच्या मांडीवर तुपाचे पातेले ठेवले आणि म्हणाली, "माझे हात दुखतात. हलकं होईस्तोवर फेस." मामीने फेसले. दुपारभर भट्टीशी बसली. पहिला ट्रे निघाल्यावर तिने एक नानकटाई मोडून आत भाजली का ते पाहिले आणि चाचांना म्हणाली, "अजून थोडी ठेवा." किती आठवड्यांनी तिने असे काही सांगितले होते, ते आजीच्या चेहऱ्यावरून मला कळले. मी तेव्हा दहा-बारा वर्षांची. मामी त्या दिवसात बरी झाली असे मुळीच नाही. तिला दोन वर्षे लागली. पण दर उन्हाळ्यात भट्टीचा नंबर मात्र तीच लावू लागली.

आजीला हे कोणी शिकवले होते? कोणीच नाही. पण त्याचे शास्त्र आहे आणि ते मुंबईत त्याआधीच आलेले होते. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या घरात लग्न होऊन आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. भारतात ते पहिलेच. रुग्णाला, मग तो शरीराने अधू असो की मनाने, हाताला झेपेल असे अर्थपूर्ण काम द्यायचे आणि कामाच्या वाटेने त्याला माणसांत आणायचे, असा त्याचा गाभा. स्वयंपाकातली कामेही त्यात येतात.

मग फोडणी-पोळीने हेच का होत नाही? होत असेलही कोणाचे. माझा अनुभव सांगते. पोळीवर सारखी नजर ठेवावी लागते आणि ती हाताच्या सवयीने होते; मन तिकडे दुःख उगाळत बसायला मोकळे. भाजण्याचे तसे नाही. राखेतला रोडगा, भट्टीतला ट्रे, कुकरातला केक, एकदा आत गेला की दिसत नाही. उघडावे तर बिघडतो, सोडून जावे तर करपतो. वासावर कान लावून (वासावर कान! पण खरेच तसे असते) बसून राहावे लागते. आणि ही वाट पाहणे संपते. पाऊण तासाने काहीतरी बाहेर येणार, हे ठरलेले असते. दुःखात माणूस ज्याची वाट पाहतो ते तसे संपत नाही.

तर तो केक. कुकरची शिट्टी आणि रबर काढून टाकले, तळाशी किलोभर जाडे मीठ पसरले, त्यावर कड्याची चकती. दहा मिनिटे तापवले. अंडी चालणार नव्हती म्हणून दही. दह्याची आंबटाई सोड्याला भेटली की वायू सुटतो आणि केक फुगतो. मैदा नव्हता, कणीक होती. जगात तेव्हा हेच चालले होते म्हणे. अमेरिकेत दुकानांतले पीठ संपले होते. इंग्लंडमध्ये स्टरमिन्स्टर न्यूटन गावाची हजार वर्षांची परंपरा असलेली पाणचक्की, जी केवळ पाहण्यापुरती उरली होती, ती पुन्हा विक्रीसाठी पीठ दळू लागली. मला हे नंतर कळले. तेव्हा मी मंद आचेपाशी स्टूल घेऊन बसले होते आणि कितीतरी दिवसांनी माझे मन एका जागी होते. विणकामाची सुई खुपसली, कोरडी निघाली. केक मधून जरा भेगाळला होता. पोरीने त्याला "फुटलाय" म्हटले आणि अर्धा एकटीने खाल्ला.

केकने नैराश्य जाते असे मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या घरांत काय काय पाहिले आहे; तिथे पाककृती सांगत जाणे म्हणजे अपमानच. पंधरा-पंधरा दिवस झोप नसेल, जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरकडेच जावे. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. मीही नंतर डॉक्टरांकडे गेले, गोळ्या घेतल्या. पण दवाखान्यात जायचे बळ यायच्या आधीचे दिवस काढायचे असतात, ते मी कुकराजवळ काढले. रविवारी केक, बुधवारी नानकटाई. एकटीला किती खपणार? म्हणून वाटावे लागे, आणि वाटायचे तर दार उघडावे लागे.

१६ नोव्हेंबरला, पाडव्याला, मंदिर उघडले. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला शेजारच्या अंगणात गोवऱ्या पेटवून आम्ही रोडगेही भाजले. धुराने डोळे चुरचुरले, दोन रोडगे कच्चे राहिले. भवानीच्या नावाचा एक मी आधीच बाजूला काढला होता. भारुडातल्या त्या सुनेचा राहून गेलेला, समजा.

ती पोरगी आता मोठी झाली. तिच्या वडिलांनी घरी इलेक्ट्रिकचा ओव्हन आणलाय. परवा कौतुकाने दाखवत होती, "बाई, आत लाइट आहे. काच आहे. सगळं दिसतं!"

"म्हणूनच तू सारखी उघडून बघतेस," मी म्हटले, "आणि म्हणूनच तुझा खाली बसतो."