शौर्याचा पुरावा

2 ऑक्टोबर 1957 रोजी दिल्लीत एका कार्यक्रमाच्या शामियान्याला आग लागली. प्रेक्षकांत पंतप्रधान नेहरूही होते. हरिश्चंद्र मेहरा नावाच्या 14 वर्षांच्या स्काउटने जवळचा चाकू काढून पेटतं कापड फाडलं आणि अडकलेल्या माणसांना वाट करून दिली. या प्रसंगातूनच भारतीय बालकल्याण परिषदेचे राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार सुरू झाले. ही हकिकत सांगताना भर नेहमी मुलाच्या धाडसावर असतो, आणि ते धाडस अस्सलच होतं. पण तो मुलगा स्काउट होता, त्याच्याजवळ चाकू होता आणि तो कुठे चालवायचा हे त्याला उमगलं, यामागे आधीची शिकवण होती. पुरस्काराने त्या संध्याकाळचा क्षण तेवढा उचलला, त्यामागची तयारी मागे राहिली. पुढच्या साठ वर्षांत वस्ती सुरक्षित ठेवणाऱ्या मुलांकडे आपण कसं पाहिलं, हे इथेच ठरून गेलं असं मला वाटतं.

शिफारशीची रीतच पाहा. 6 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी मुख्याध्यापक, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक अशांचा दुजोरा लागे आणि सोबत वर्तमानपत्राचं कात्रण किंवा पोलिसांकडची नोंद. फसवणूक टाळायला हे योग्यच होतं. मात्र नोंद होते ती घडलेल्या अपघाताची. विहिरीत पडलेल्याला वर काढणारी मुलगी कागदावर येते; त्याच विहिरीला कठडा बांधून घेण्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घालणारी मुलगी येत नाही, कारण तिच्यामुळे काही घडतच नाही. पुरस्कारांच्या नावांतही हाच कल दिसतो. 1978 साली दिल्लीत अपहरणकर्त्यांशी झुंजून प्राण गमावलेल्या गीता आणि संजय चोप्रा या भावंडांची नावं दोन पुरस्कारांना आहेत, आपल्या नाशिककडच्या बापू गायधनीचं नाव आणखी एकाला. ही स्मृती जपलीच पाहिजे. तरीही मोठा मान बलिदानाशी जोडला गेला, की अशा गौरवाने मुलं जिवावर उदार होतील हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. त्यासाठी पुरस्कार बंद करण्याची गरज नाही. संकट येऊच न देणाऱ्या मुलांनाही त्याच रांगेत बसवलं, तर त्या आक्षेपाची धार पुष्कळ कमी होते.

न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर परिषदेने स्वतःच देऊन ठेवलं आहे. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातली रेखा कालिंदी विड्या वळणाऱ्या घरातली, बालकामगारांसाठीच्या शाळेत शिकणारी. 11-12 वर्षांची असताना घरच्यांचा रोष पत्करून तिने लग्नाला नकार दिला. अफसाना खातून आणि सुनीता महातो यांनीही तेच केलं. या मुली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या आणि पुढे तिघींनाही शौर्य पुरस्कार मिळाला. इथे आग नव्हती, पूर नव्हता. न झालेलं लग्न हाच पुरावा होता आणि शिक्षक त्याचे साक्षीदार. त्या परिसरातल्या आणखी मुलींनी पाठोपाठ नकार दिले. आगीतून माणूस वाचवणाऱ्याचं अनुकरण करायला पुन्हा आग लागावी लागते. रेखाचं अनुकरण शेजारच्या घरातली मुलगी दुसऱ्याच दिवशी करू शकते. वस्तीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

पुढे केंद्र सरकारने परिषदेशी फारकत घेतली आणि 2019 पासून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात परिषदेची मुलं दिसेनाशी झाली. तिथे त्या पुरस्कारांची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात शौर्य आणि समाजसेवा हे वेगवेगळे विभाग आहेत. कामाची वर्गवारी करायला ते सोयीचं असेल, पण पुरुलियाच्या मुली त्यातल्या कोणत्या विभागात बसल्या असत्या? बापाचा शब्द मोडून, उद्या घरात काय होईल हे माहीत असताना उभं राहणं याला परिषदेने शौर्य म्हटलं, आणि तिचा तो निर्णय बरोबर होता.